एक जून

मे महिना आला की माझ्या टेबलाभोवती गर्दी होते. महाडला बसून मी अर्ज, प्रतिज्ञापत्रं, हमीपत्रं लिहून देतो. प्रवेशाचे दिवस, म्हणजे नावातला बदल, दाखल्याची जोडपत्रं आणि जन्मतारखेचे घोळ. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला तारीख विचारली की तो हसून सांगतो, "एक जून." मीही हसतो, कारण माझीही तीच. आमच्या पिढीतलं निम्मं पोलादपूर एक जूनला जन्मलं आहे. आईबापांना तारीख ठाऊक नसायची. गुरुजी पोराला समोर उभं करायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागतो का ते बघायचे आणि साल ठरवायचे. दिवस आणि महिना ठरलेलाच.

ही गंमत मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. तिच्या पोटातली गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही.

आमची वाडी कशेडी घाटाच्या अलीकडे, पोलादपूरच्या अंगाला. आता बोगदा झालाय. मुंबईकर चाकरमानी दहा मिनिटांत पलीकडे खेडच्या हद्दीत उतरतो आणि घाट लागला होता हेसुद्धा त्याला कळत नाही. माझ्या लहानपणी घाट चढणं म्हणजे पाऊण तासाचं काम होतं. एसटीच्या खिडक्यांखाली ओकाऱ्यांचे ओघळ असायचे. भरणे नाका सोडून मुंबईकडे निघालेला भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर यायचा, माणसाच्या चालीनं. चैत्र-वैशाखात रत्नागिरीकडून आंब्याच्या पेट्या रात्रीच निघत, पहाटे क्रॉफर्ड मार्केटला लागायला हव्यात म्हणून. घाटात वाऱ्यावर हापूसचा वास यायचा आणि आम्ही पोरं वळणावर दबा धरून बसायचो.

चोरी होती, दुसरा शब्द नाही. पण वाडीत तिला कुणी चोरी म्हणत नव्हतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर मनीऑर्डरी बंद झाल्या. माझा बाप गिरणीतून परत आला आणि ओटीवर बसून राहिला. माझ्या एका मित्राचा बाप परत आलाच नाही. एक पेटी खाली टाकली की पोलादपूरच्या बाजारात तिचे किलोभर तांदूळ, गोडंतेल आणि वर एखादी वही निघायची. थोरले शिकवत गेले, धाकटे शिकत गेले. धावत्या ट्रकच्या मागच्या फळीला लोंबकळायचं, ताडपत्रीखालचा दोर कोयतीनं कापायचा, पेटी खाली सोडायची. खालच्यानं ती पेंढ्यासकट झेलायची.

मित्राचं नाव लिहीत नाही. तो वाडीतच राहतो, सुतारकी करतो, त्याला नात आहे. तो माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. त्याची आई सांगायची, "गडावर तीनशे वरसाचा सोहळा झाला नाय का, त्याच पावसात. भाताची लावणी चालू होती." गड म्हणजे रायगड, आणि शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली १९७४ मध्ये. म्हणजे तो १९७४ च्या आषाढातला. मी पुढच्या शिमग्यातला. शाळेत तो माझ्या एक वर्ष पुढे होता.

१९९० च्या मे महिन्यातली रात्र. त्या ट्रकवर पेट्यांच्या वर ताडपत्री पांघरून क्लीनर निजला होता, हे आम्हाला दिसलं नाही. दोर तुटल्यावर माझा हात आत गेला आणि आतून कुणीतरी मनगट धरलं. ती पकड मला अजून आठवते. हात घामानं ओला होता, पण सुटत नव्हता. मी ओरडलो. मित्र शेजारीच लोंबकळत होता. त्यानं माझं मनगट सोडवायला कोयती मारली. क्लीनरच्या पंजावर बसली, पकड सुटली आणि तोल जाऊन तो आमच्या अंगावरून डांबरावर आला. डोकं आपटल्याचा आवाज मी ऐकला. ट्रक पुढे जाऊन थांबला. मित्र पळाला. मला पळता आलं नाही. हे धैर्य नव्हतं, पायच हलेनात. मी त्या माणसाशेजारी बसून राहिलो. तोही फार मोठा नव्हता, विशीतला असेल. पंजातून रक्त वाहत होतं. मी माझा शर्ट काढून गुंडाळला, तो नीट बसेना.

त्यानंतर अर्धी रात्र हद्दीवरून वाद. दोर कापला चढावर, म्हणजे खेडकडे. माणूस पडला माथ्याच्या अलीकडे, म्हणजे रायगडात. दोन जिल्ह्यांचे पोलीस एका बॅटरीच्या उजेडात रस्त्यावर हद्द शोधत होते. पहाटे मित्राला त्याच्या घरातून उचललं. त्यानं पहिलं वाक्य हे सांगितलं, की कोयती माझी, हात माझा, हा बारका नुसता बरोबर होता.

जबरी चोरीत जखम केली तर त्या वेळच्या दंडसंहितेच्या कलम ३९४ खाली जन्मठेपेपर्यंत जाता येत होतं. प्राणघातक हत्यार वापरलं तर कलम ३९७. त्यात सात वर्षांच्या खाली न्यायाधीशालाही उतरता येत नसे. ही कलमं मला आता तोंडपाठ आहेत. तेव्हा फक्त एवढं कळलं, की सगळा खेळ सोळा या आकड्यावर आहे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळाच्या आत असेल तर त्याला फाशी नाही, तुरुंगही नाही. मुलगी असेल तर अठराच्या आत. मी पंधरा वर्षं दोन महिन्यांचा होतो. तो पंधरा वर्षं दहा महिन्यांचा. दोघेही रेघेच्या अलीकडे.

मग शाळेचं जनरल रजिस्टर आलं.

माझ्या नावापुढे होतं १ जून १९७५. त्याच्या नावापुढे १ जून १९७३. आईच्या पोटातून आठ महिन्यांच्या अंतरानं आलेली दोन पोरं गुरुजींच्या निळ्या शाईत दोन वर्षांनी लांब झाली होती. मी चौदा वर्षं अकरा महिन्यांचा ठरलो, तो सोळा वर्षं अकरा महिन्यांचा. त्याच्या हाडांची तपासणी झाली, अहवाल आला 'सोळा ते अठरा'. हाडांच्या तपासणीत दोन वर्षं इकडची तिकडे होतात हे कोर्टांनाही मान्य आहे, पण समोर सरकारी रजिस्टर असताना हाडांना कोण विचारतो? त्याच्या आईनं साक्षीत रायगडचा सोहळा सांगितला. सरकारी वकील म्हणाले, गडावर सोहळा तर दरवर्षी होतो, बाई.

गुरुजींची साक्ष झाली. धोतर, कोट, काखेत कापडात बांधलेलं रजिस्टर. हे मी पाहिलं नाही, माझं प्रकरण निराळं चाललं होतं. त्याच्या आईकडून अनेकदा ऐकलंय.

"नोंद तुमच्या हस्ताक्षरातली?"

"होय."

"जन्मतारीख?"

"एक जून एकोणीसशे त्र्याहत्तर."

"बरोबर आहे?"

गुरुजी थांबले. मग म्हणाले, "रजिस्टरप्रमाणे बरोबर."

आणि क्लीनरची साक्ष. तो कोल्हापूरकडचा होता. उजव्या पंजाची दोन बोटं वळत नव्हती. आरोपीला ओळखायला सांगितल्यावर त्यानं पिंजऱ्याकडे बोट केलं, "हाच." मग पुन्हा निरखून बघितलं आणि म्हणाला, "पण साहेब, त्या रात्री हा एवढा नव्हता." कोठडीतल्या वर्षभरात मित्राची उंची वीतभर वाढली होती, मिसरूड फुटलं होतं. घाटात ज्याला क्लीनरनं पाहिलं ते पोरगं होतं, कोर्टात उभा होता तो जवान. लोक हसले. विचारलं तेवढंच सांगा, असं त्याला बजावण्यात आलं आणि ते वाक्य कागदावर उतरलंच नाही. त्या खटल्यात वयाबद्दलचा एकमेव खरा साक्षीदार तो होता, ज्याच्यावर कोयती बसली होती, आणि त्याची साक्ष हशात गेली. त्याचं देणं माझ्या खात्यावर आहे. त्याचं गावही मला धड ठाऊक नाही.

मित्राला सात वर्षं लागली.

मला बाल न्यायालयानं हमीवर सोडलं. चांगल्या वर्तणुकीचा तीन वर्षांचा बंधपत्रावरचा हवाला 'योग्य व्यक्ती'नं घ्यायचा होता. माझा बाप ओटीवरून उठला नाही. हवाला घेतला गुरुजींनी. माझ्या आयुष्यातलं पहिलं हमीपत्र मी तेव्हा पाहिलं, निळ्या शाईतल्या त्याच वळणदार सहीसकट. आज दिवसाला पाच-सहा हमीपत्रं लिहितो, पण 'मी जामीन राहीन' हे शब्द आले की हात किंचित थांबतो.

पुढची तीन वर्षं गुरुजींनी मला घरच्यासारखं सांभाळलं. दहावीचा फॉर्म त्यांनी भरला, गणित त्यांनी घोटून घेतलं, महाडला खोली त्यांनी बघून दिली. गुरुजी १९९२ ला निवृत्त झाले आणि पहिल्या पेन्शनीतून माझ्या टायपिंगच्या क्लासची फी गेली. वाडीतली माणसं म्हणायची, गुरुजी देवमाणूस, पोराचं सोनं केलं. मीही तेच म्हणायचो. पण एक गोष्ट खटकायची. गुरुजी तीन-चार महिन्यांनी एकदा पिशवी भरून तुरुंगात मुलाखतीला जायचे, मित्राला भेटायचे, आणि परत आले की दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत.

मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो. जाळीच्या पलीकडे मित्र उभा. हातावर रंध्याचे घट्टे. सुतारशाळेत घातलंय म्हणाला. मला विचारलं, "मनगट दुखतं का रं?" क्लीनरनं धरलेलं मनगट. मला काही बोलता आलं नाही. गुरुजींनी पिशवीतून चिवडा काढला, तो आत न्यायला परवानगी मिळाली नाही, परतीच्या एसटीत त्यांनी तो शेजारच्या पोराला दिला.

मित्रानं पुढे मला आतलं जे सांगितलं त्यातलं एक विसरत नाही. त्याच्या बराकीत जन्मठेपेचे कैदी होते. लोकांना वाटतं जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. तसं नाही, गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जन्मठेप म्हणजे हयातभर, सरकारनं माफी दिली तरच सुटका. तरी माफीचा हिशेब असतो, संचित रजा असते, पॅरोल असतो. आतली माणसं या शब्दांवर जगतात. मित्र म्हणाला, "ज्याची तारीख ठरलेली तो हत्यार शिकतो. बाहेर जाऊन काय करायचं ते त्याला बघायचं असतं. ज्याला तारीख नाही, तो रंधा हातात धरतो, पण धार लावत नाही." त्याची आई चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं महिने मोजत होती. सातच वर्षं मोजायची होती म्हणून मोजू शकली. माफीचे दिवस धरून तो १९९६ ला सुटला, बावीस वर्षांचा. भिंतीच्या एका कोपऱ्यात कोळशाच्या रेघांना जागा उरली होती.

पुढे मी वाचत गेलो. हा धंदाच वाचायला लावतो. आमच्या त्या वैशाखाच्या सहाच महिने आधी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला होता. त्याच्या सदतिसाव्या कलमात लिहिलंय, की अठराच्या आत केलेल्या गुन्ह्याला फाशी नको आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नको. भारत १९९२ मध्ये करारात गेला. अमेरिकेनं आजवर तो मान्य केलेला नाही. तिथे पोरांना आजन्म, पॅरोलशिवाय डांबण्याची शिक्षा राजरोस होती. २०१२ च्या मिलर खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं एवढंच म्हटलं, की ती सक्तीनं, आपोआप लावता येणार नाही. खुनाच्या खटल्यात न्यायाधीशाला वाटलं तर काही राज्यांत ती आजही लावता येते.

आपल्याकडे त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत निर्भया प्रकरण झालं. पोलादपूरच्या टपरीवर मी ऐकत होतो, सोळा काय नि सतरा काय, लटकवा. बोलणाऱ्यांत आंब्याच्या पेट्या उतरवलेले दोघे होते. त्यांचा संताप खोटा नव्हता, माझ्याही घरात मुलगी आहे. कायदा बदलला. २०१५ च्या कायद्यानं सोळा ते अठरा वयातल्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यासाठी मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट उघडली, पण कलम २१ मध्ये एक दार मुद्दाम उघडं ठेवलं: फाशी नाही, आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप नाही. माझ्या मते त्या कायद्यातली सगळ्यात शहाणी ओळ तीच.

पण ओळ शहाणी असून भागत नाही, वय खरं लिहिलेलं असावं लागतं. २८ मार्च २०२३ चा पेपर मी कापून ठेवला आहे. पुण्यात कोथरूडला ऑगस्ट १९९४ मध्ये राठी कुटुंबाच्या घरात सात जणांचा खून झाला, त्यात दोन लहान मुलं होती. त्या दिवसांत आमच्या घाटातसुद्धा माणसं दारं लावून निजत. त्यातला एक आरोपी नारायण चौधरी. फाशी झाली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. पोलिसांच्या कागदावर तो वीस-बावीसचा होता. राजस्थानात बिकानेरकडच्या त्याच्या गावातल्या शाळेच्या रजिस्टरात नाव होतं निरानाराम आणि जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा. सर्वोच्च न्यायालयानं ते रजिस्टर मानलं आणि अठ्ठावीस वर्षांनंतर तो नागपूरच्या तुरुंगातून सुटला. बाल न्याय कायद्यानं त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं. सात जीव गेले त्यांच्या माणसांना या हिशेबानं काय वाटलं असेल, ते मी बोलू शकत नाही. मी फक्त त्या रजिस्टराकडे बघत राहिलो. एका शाळेच्या पानानं एकाला फासातून खाली उतरवलं होतं. आमच्या शाळेच्या पानानं दुसऱ्याला आत घातलं होतं.

कात्रण घेऊन मी मित्राकडे गेलो. त्याचं दुकान घाटाच्या जुन्या रस्त्याला आहे, बोगदा झाल्यावर गिऱ्हाईक कमी झालं. तो कुणा मुंबईकराच्या बंगल्याची चौकट जोडत होता. मी वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, "त्याचा मास्तर जिता होता काय?"

तेव्हा मी त्याला ते सांगितलं, जे चौदा वर्षं पोटात ठेवलं होतं. गुरुजी २००९ मध्ये गेले. शेवटच्या आठवड्यात मी उशाला होतो. एका दुपारी, काही संदर्भ नसताना, छताकडे बघत ते म्हणाले, "एकोणऐंशी साली पट अडतीस होता रे. चाळीस हवे होते." एवढंच. दुसरा शिक्षक मिळायला चाळीस पोरं दाखवायची होती. साहेबांची भेट होती. पाच वर्षंही न भरलेल्या एका पोराला त्यांनी सहा पूर्ण करून पटावर घेतलं. निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना कोर्टात हे बोलले असते तर चौकशी लागली असती, पेन्शन अडकली असती. ज्या पेन्शनीतून माझी फी गेली, तीच. माझ्यावरचे गुरुजींचे उपकार हे मित्राच्या सात वर्षांवरचं व्याज होतं, आणि ते मी खाल्लं. हे मी त्याला असं काही सांगितलं नाही. फक्त पट अडतीस होता, एवढं सांगितलं.

त्यानं चौकटीच्या कोपऱ्यात पाचर ठोकली.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "आयेनं सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले पोर बारीक हाय, तर तीच बोलली, लिवा एक वरीस जास्त. शाळेत दुपारला सुकडी मिळायची." मग हसला. "एक मूठ सुकडी."

मी म्हणालो, प्रतिज्ञापत्र करू, गॅझेटला देऊ, तारीख दुरुस्त होते. आता काही उपयोग नाही, पण खरी तारीख कागदावर येईल. पैसे मी भरतो. मसुदा माझ्याकडे तयार आहे, कधीपासून.

"कशाला?" त्यानं गुण्या लावून कोन तपासला. "पासष्टला एसटीचं तिकीट अर्धं होतं. ह्या रजिस्टरानं मला वरीसभर आधी मिळंल."

मी तिथल्या तिथे हिशेब केला. तो १ जून २०३८ ला पासष्टचा होणार. मी १ जून २०४० ला.

"म्हणजे दोन वरसं तुला फुल तिकीट," तो म्हणाला. "तवर तुझं मी काढीन." पेन्सिल कानावर ठेवून तो म्हणाला, "ती बाजू धर," आणि मी चौकटीची ती बाजू धरली.